तेरहून शिखरांच्या यादीकडे

उत्खननाची टेकाडं सोडली, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये चढ म्हणावा असा चढ नाही. तरी तेरणाकाठच्या पोरांनाही भूगोलातली यादी तोंडपाठ असते: कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567, महाबळेश्वर 1438, हरिश्चंद्रगड 1424, सप्तशृंगी 1416, तोरणा 1404. परीक्षेसाठी घोकलेली ही यादी पायांनी पुरी करायची असेल, तर आधी हे आकडे नीट वाचायला हवेत.

हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत. तेर स्वतःच त्या पातळीपासून पाचशे मीटरहून उंचावर आहे. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावही बरंच वर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई नऊशे मीटरच्या आसपास होते. महाबळेश्वरला तर विल्सन पॉइंटपर्यंत गाडी जाते. यादीत ते तिसरं असेल, माझ्या हिशेबात ते धरत नाही.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे: वेगळं शिखर कशाला म्हणायचं? एकाच डोंगराला चार टोकं असली, तर चार शिखरं झाली का? इथे उंचीइतकीच मधली खिंड महत्त्वाची. एका टोकावरून शेजारच्या जास्त उंच टोकाकडे जाताना किती खाली उतरावं लागतं, ते पाहायचं. उतार भरपूर असेल तर शिखर स्वतंत्र, नाहीतर तो नुसता उंचवटा. वाघांबे गावातून चढलं की साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचतो. तिथून डावं-उजवं दोन्हीकडे खरी चढाई आहे, म्हणून हे दोन वेगळे डोंगर. एव्हरेस्टचं दक्षिण शिखर मात्र 8749 मीटरचं, म्हणजे 8611 मीटरच्या के2 पेक्षाही उंच. तरी जगातल्या आठ हजार मीटरवरच्या 14 शिखरांत ते मोजत नाहीत, कारण मुख्य शिखराच्या आधीची घळ जेमतेम दहा-अकरा मीटर खोल आहे. शेजारचं ल्होत्से 8516 मीटरचं. तिथे मधली खिंड सहाशे मीटर खाली जाते, म्हणून त्याला यादीत मानाची जागा.

आता तयारी. तेरच्या माणसाला जवळचा सराव म्हणजे येडशीचा रामलिंग घाट. तिथे आधी उतरायचं आणि परतताना चढायचं, म्हणजे डोंगराच्या अगदी उलट. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन हे करा. गुडघ्यांची परीक्षा मात्र खरी उतरतानाच होते, त्यामुळे चढून दम लागला नाही एवढ्यावर खूश होऊ नये.

पुढचा क्रम प्रवासाच्या सोयीने लावावा. धाराशिवहून कुर्डुवाडीमार्गे पुण्याला रेल्वे जाते, तेव्हा पहिला तोरणा. मग हरिश्चंद्रगड, पाचनईच्या सोप्या वाटेने. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पावसात निसरड्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांवर रांग लागते. थंडीतला मधला वार बरा. साल्हेर शेवटी ठेवा, बागलाण लांब आहे.

हिमालयात मोजणी तीच, पण शरीराचं गणित बदलतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत एक तृतीयांश असतो. म्हणून वरच्या छावणीवर जायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा वर जायचं, असं आठवडेच्या आठवडे चालतं. शरीर एकदा सरावलं की तो सराव काही काळ टिकतो, म्हणून काही जण एकाच मोसमात एव्हरेस्ट आणि ल्होत्से दोन्ही करतात. दोन्हींची वाट बरीच वरपर्यंत एकच आहे. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी मात्र वर्षं जाऊ दिली: 2013 ला एव्हरेस्ट, 2018 ला ल्होत्से, 2019 ला मकालू, 2021 ला अन्नपूर्णा, 2022 ला कांचनगंगा. आठ हजारांवरची पाच शिखरं चढणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने 2012 ते 2021 या काळात अशा आठ शिखरांवर माणसं पोचवली.