गज धरायचा, आवळायचा नाही

संगीताच्या परीक्षा जवळ आल्या की रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार दिसू लागते. सोबत आई किंवा वडील असतात, कधी व्हायोलिनची पेटीही असते. एरवी रोज अर्धा तास वाजवणारी मुलगी विशारदच्या तयारीत तीन-तीन तास वाजवू लागते आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. आधी फक्त वाजवताना, मग वाजवून झाल्यावर, पुढे दाराची कडी काढतानाही. मलम चोळून होते, क्रेप बँडेज बांधून होते, शेजारची मावशी ‘वात आहे’ असे सांगून जाते. सूर काढण्याची सगळी धावपळ डाव्या हाताची, तेव्हा दुखला तर तोच दुखेल, असा घरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात गज धरणारा हात आधी कुरकुरतो.

नाशिकला संगीताची शिकवणी नवी नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२२ मध्ये येथे रामनाम आधार आश्रम काढला आणि त्यांच्या परंपरेतून आलेल्या परीक्षांना आजही शहरातली मुले बसतात. त्या परंपरेत रियाजाला जेवढा मान आहे, तेवढाच दुखणे सोसण्यालाही आहे. ‘दुखेल आणि आपोआप बसेल’ हे वाक्य क्लासमध्ये सहज बोलले जाते. बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, त्यांच्यापुरते ते खरेही आहे. अंगठ्याच्या सांध्याला मात्र घट्टा पडत नाही.

व्हायोलिनच्या गजाचे वजन साधारण ६० ग्रॅम, म्हणजे भरल्या चहाच्या कपापेक्षा कितीतरी कमी. एवढी हलकी काठी मूठ आवळून का धरावी लागते? एक तर ती सुटेल ही नवशिक्याची धास्ती. दुसरे कारण गजाच्या रचनेत आहे. गज म्हणजे तरफ आणि अंगठा तिचा टेकू. तर्जनी वरून दाबते, अंगठा खालून तोलतो. गज मुठीजवळ तारेवर असताना त्याचे वजन आयते मिळते, उलट करंगळीने ते थोडे उचलूनच धरावे लागते. गज टोकाकडे सरकला की हात तारेपासून दूर जातो आणि तेवढाच आवाज ठेवायला तर्जनीला व अंगठ्याला जास्त जोर लावावा लागतो. आलापीत एकाच गजात लांब सूर किंवा मींड घेताना हा प्रवास फार सावकाश होतो. टोकाशी लावलेला जोर परत येताना सोडायचा असतो, तो सोडायचा राहून जातो. तासाभराच्या रियाजात अंगठ्याला क्षणाचीही उसंत मिळत नाही.

या जोराचा हिशेब चकित करणारा आहे. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी १ किलोची चिमटी घेतली, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो, असे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले गेले. टोकाशी थोडे आवळले तरी मुळाशी त्याचे ओझे होते ते असे.

व्हायोलिनचा थोरला भाऊ असलेल्या चेलोत ही अडचण आणखी वाढते. तो जमिनीवर खुंटी टेकवून उभा धरतात. तारा उभ्या आणि जाड असतात, त्यामुळे सुमारे ८० ग्रॅमचा गज आपल्या वजनाने तारेवर विसावत नाही. वादकाने हाताचे वजन वापरले नाही, तर सगळे काम अंगठ्याच्या चिमटीवर येते. पाब्लो कासाल्स विद्यार्थी होते तेव्हा काखेत पुस्तक धरून कोपर अंगाशी चिकटवून वाजवायला शिकवत. त्यांनी ती रीत मोडून कोपर मोकळे केले. आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचे डोके पावलावर टेकवून वाजवणाऱ्यांनाही हे लागू पडते. वाद्याला टेकू असतो, तरी उजवा खांदा कानापर्यंत चढलेला असतो. खांदा चढला की अंगठा आवळला जातोच.

तपासून पाहायला सोपी युक्ती आहे. गज मोकळ्या तारेवर मधोमध ठेवावा, श्वास सोडून खांदा खाली आणावा आणि अंगठा क्षणभर काठीपासून दूर करावा. गज पडत नाही. मग अंगठा नुसता टेकवावा, टोकाचा सांधा किंचित बाहेर वाकलेला ठेवून. ताठ किंवा आत मोडलेला अंगठा म्हणजे कुलूप लागलेला अंगठा. वाजवताना मधूनच करंगळी हलवून पाहावी. ती हलत नसेल तर मूठ आवळली गेली आहे. बारीक काठी धरताना चिमटी जास्त लागते, म्हणून काही शिक्षक पकडीच्या जागी मऊ रबरी नळी चढवून देतात. यात कमीपणा नाही.

दुखते कुठे, यालाही अर्थ आहे. अंगठा व तर्जनीमधल्या मांसल भागातला ठणका बहुतेक वेळा थकव्याचा असतो आणि काही दिवसांच्या विश्रांतीने जातो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येत असेल, तर तिथल्या स्नायुरज्जूंच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. स्विस शल्यविशारद डी कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आईला तो होतो. द्राक्षबागेत दिवसभर विरळणीची कात्री चालवणाऱ्या हातांनाही होऊ शकतो. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला असतो. निवृत्तीनंतर हौसेने व्हायोलिन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रात्री बोटांना मुंग्या येणे, अंगठा वाकून अडकणे, पकड कमजोर होणे किंवा न दुखताही फक्त वाजवतानाच बोट आपोआप आत वळणे, यांपैकी काहीही दिसले तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये.

उपचार बहुतेकदा साधे असतात. काही आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि थोडे दिवस वेदनाशामक गोळी, तीही विचारून. आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मनाने मुळीच नाही. डी कर्व्हेनच्या दुखण्यात स्टिरॉइडच्या एका इंजेक्शनाने पुष्कळांना आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. पण पकड तीच राहिली तर दुखणे परत येते, आणि नेमके हेच घाईच्या ओपीडीत सुटते. डॉक्टरांनी रुग्णाला गज धरून दाखवायला सांगावे. गज नसेल तर टेबलावरचे पेनही चालते. पट्टा का बांधला, हे शिक्षकांनाही कळायला हवे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तो सोडायला लावला जातो.

वाजवणे पूर्ण बंद करण्याची गरज फारशी पडत नाही. कळ उतरली की पहिल्या आठवड्यात रोज पाच-पाच मिनिटे, दोनदा, फक्त मोकळ्या तारा आणि गजाच्या मधल्या भागात. मग हळूहळू टोकाकडे. पुढेही वीस-पंचवीस मिनिटांनी गज खाली ठेवून हात सैल सोडावा. त्या वेळात मोबाइल घेऊ नये, तिथेही अंगठाच राबतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या रियाजाआधी हात कोमट पाण्यात धरावेत. निफाडकडची थंडी शहरातही बोटे आखडून टाकते आणि आखडलेली बोटे गज आवळतात.