चिकटलेले सोडवताना – भाग ७ : सर्फबोर्डच्या शेपटावरचे जुने पॅड

पाय घसरू नये म्हणून कॅलिफोर्नियातल्या सर्फरांनी कित्येक वर्षे बोर्डवर मेण चोळले. १९७६ मध्ये तिथल्याच हर्बी फ्लेचर यांनी ‘अ‍ॅस्ट्रोडेक’ सुरू केली आणि मेणाऐवजी बोर्डवर चिकटवायचे पॅड बाजारात आणले. पुढे बोर्ड आखूड झाले, वळणे झटक्याची झाली, मागच्या पायावरचा भार वाढला. तसे हे पॅड शेपटाकडे, फिनच्या बरोबर वर जाऊन बसले. आज बहुतेक पॅड ईव्हीए फोमचे असतात, स्लीपरच्या तळव्यात असतो तसा. वर खाचा, मागे पाय अडवणारा उंचवटा आणि खाली दाबले की धरणारा डिंक. (गोव्यात अश्वेच्या किनाऱ्यावर शिकाऊंना देतात त्या बोर्डांची पाठच मुळात मऊ असते. त्यांना पॅड लागत नाही.)

ऊन आणि खारे पाणी खाऊन काही वर्षांत पॅडच्या कडा उचलल्या जातात, खाचा गुळगुळीत होतात. मग ते काढायचे ठरते, आणि बहुतेक नुकसान पहिल्याच हिसक्याला होते.

याचे कारण डिंकाच्या स्वभावात आहे. दाबाने चिकटणारा डिंक पुरता घन नसतो आणि पुरता द्रवही नसतो. हळू ओढले की तो ताणला जातो, वाहतो, सुटतो. झटका दिला की आखडतो आणि घट्ट धरून बसतो. थंडीत तो आणखी कडक होतो, उबेने मऊ पडतो. त्याच्या खाली काय आहे, तेही पाहायला हवे. बोर्डचा गाभा पॉलीयुरेथेन फोमचा किंवा थर्माकोलच्या जातीचा असतो आणि त्यावर फायबरग्लास व रेझिनचे कवच असते. हलक्या बोर्डांवर हे कवच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. टाचेच्या सततच्या दाबाने ते गाभ्यापासून सुटत आलेले असेल, तर हिसक्यासरशी पॅडबरोबर तेही उचलले जाते.

म्हणून आधी ऊब. हेअर ड्रायर मध्यम तापमानावर ठेवून एका कोपऱ्यावर सतत फिरवायचा. बोर्डवर तळहात सहज टेकवता आला पाहिजे, इतपतच गरम. रंग खरवडायला वापरतात ती हीट गन इथे अजिबात नको. तिची हवा काही शे अंशांपर्यंत तापते आणि थर्माकोल १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागतो. ऊन चालते, पण नजरेसमोर आणि थोडा वेळ. बंद गाडीत तापलेल्या बोर्डच्या आतली हवा फुगते आणि कवचाला फोड येतात. थर्माकोलच्या अनेक बोर्डांना त्यासाठीच हवा सुटायचे छोटे बूच बसवलेले असते.

कोपरा मऊ झाला की प्लास्टिकची पट्टी खाली सारायची. धातूची पाती कवचावर ओरखडे पाडते. सुटलेला भाग मागे दुमडून, बोर्डला जवळजवळ समांतर ठेवून, संथपणे ओढायचा. सरळ वर ओढले तर सगळा ताण कवचाला उचलण्यात जातो. फोम फारच जीर्ण असेल तर त्याचे तुकडे पडतात. मग गळाची नायलॉन दोरी पॅडखाली घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी पुढेमागे ओढत न्यावी.

उरलेला डिंक आधी अंगठ्याने वळून गोळा करावा. खरा धोका यानंतर येतो. बाकीचा डिंक पुसायला द्रावकाची बाटली उघडण्याआधी ती जागा उजेडात धरून निरखली पाहिजे, कारण तिथल्या बारीक चिरा इतकी वर्षे पॅडखाली झाकलेल्या असतात. चिरेतून आत शिरलेले अ‍ॅसिटोन थर्माकोलचा गाभा विरघळवते, हे अनेकांना ठाऊक असते. संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेले क्लीनर मात्र निरुपद्रवी समजून सर्रास ओतले जातात. त्यातले लिमोनीनही थर्माकोल विरघळवते. जपानच्या सोनी कंपनीने याच गुणावर टाकाऊ थर्माकोलच्या पुनर्वापराची पद्धत बसवली. तेव्हा चीर दिसली तर द्रावक दूर ठेवावे आणि आधी दुरुस्ती करावी. चीर नसेल तर फडक्यावर थोडेसे घेऊन पुसावे. बोर्डवर थेट ओतू नये.

चिरेभोवती तपकिरी डाग म्हणजे पाणी आत गेल्याची खूण. असा बोर्ड सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा लागतो. त्याला काही दिवसही लागतात. ओल्या गाभ्यावर रेझिन लावले तर पाणी आतच कोंडले जाते.

नवे पॅड लावण्यापूर्वी पृष्ठभागावर तेलकटपणा राहता कामा नये, म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. मागचा कागद न काढता पॅड आधी नुसतेच ठेवून पाहावे, पेन्सिलीने कडा आखाव्यात, मग चिकटवून मधून कडांकडे दाबत जावे. बोर्ड पाण्यात न्यायला निदान २४ तास थांबावे, कारण डिंक पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत हळूहळूच पसरतो.

(पुढील भागात : काचेवरचे स्टिकर)