भावनांना गुण नकोत, नोंद हवी

सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी मात्र मूल दिवसभर वाडीत हुंदडते, अशी तक्रार घेऊन माकुणसार परिसरातले पालक माझ्याकडे येतात. ताप, वजन, लघवी, जंत सारे तपासून काही सापडले नाही, की मी शाळेची चौकशी करतो. ही पोटदुखी ढोंग नसते. भीती आणि काळजीचा आतड्यांवर खरोखरच परिणाम होतो.

स्वतःच्या भावना ओळखणे, आवरणे आणि दुसऱ्याच्या समजून घेणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. सॅलोव्ही व मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती सर्वांपर्यंत पोहोचवली.

वर्गात तिची चाचणी घ्यावी का, असे शिक्षक विचारतात. केवळ प्रश्नावलीवर विसंबू नये. 'राग आल्यावर काय करतोस?' असे विचारले, तर मूल बाईंना आवडेल तेच उत्तर देते.

त्यापेक्षा निरीक्षण बरे. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदी शिक्षकांच्या परिचयाच्या आहेत. मात्र 'हट्टी', 'अबोल' ही नोंद नव्हे, शिक्का आहे. 'खेळात हरल्यावर रडतो, पण दहा मिनिटांत परत येतो', 'डबा विसरलेल्या मैत्रिणीला आपला देते' ही खरी नोंद. वर्गात, मैदानावर, मधल्या सुट्टीत, निदान महिनाभर पाहावे आणि मगच मत बनवावे.

मत बनवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. मुलाला नीट ऐकू येते का, फळ्यावरचे दिसते का? घरी वारली बोलणारे मूल पहिलीत गप्प असेल, तर अडचण भाषेची असू शकते. वडील पहाटेच्या गाडीने मुंबईला किंवा बोईसरला पाळीवर जात असतील, तर घरी त्याच्याशी बोलायला कोण असते?

पालकांनीही गुण किती पडले हे विचारण्याआधी 'आज कोणाशी खेळलास?' हे विचारावे.

हसते-खेळते मूल अचानक गप्प झाले, झोप-भूक उडाली, शाळा टाळू लागले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा करणे दिसल्यास एक दिवसही थांबू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे.