शहराजवळचे गाव आणि एकटी दुपार

पुण्याहून लोणावळ्याला जाणारा लोहमार्ग ६४ किलोमीटरांचा आहे. पिंपरी-चिंचवड मागे पडले की लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी मावळात शिरते आणि सव्वा-दीड तासात प्रवास संपतो. सकाळच्या गाड्या गावोगावच्या नोकरदारांना पुण्याकडे नेतात, रात्रीच्या गाड्या त्यांना परत आणून सोडतात. ज्यांचे कारखाने चाकण-तळेगावच्या बाजूला आहेत, ज्यांच्या कचेऱ्या हिंजवडीला आहेत, ते दुचाकीने किंवा कंपनीच्या बसने जातात. भातखाचरांच्या बांधाला लागूनच बंगल्यांच्या योजनांचे फलक उभे असलेली ही गावे आज धड खेडी राहिलेली नाहीत आणि उपनगरेही झालेली नाहीत.

या गावांत दोन प्रकारची ज्येष्ठ मंडळी राहतात. काहींचा सारा संसार तिथेच झाला. त्यांची मुले आता रोज शहरात ये-जा करतात. काहींनी उमेदीची वर्षे पुण्या-मुंबईच्या सदनिकेत काढली आणि निवृत्तीनंतर मोकळी हवा, चार झाडे आणि शांतता यांच्या ओढीने येथे घर बांधले. आपण यांपैकी कोणी असाल, किंवा त्यांची काळजी वाहणारे असाल, तर एक वाक्य आपल्या तोंडी अनेकदा आले असेल : ‘शहर काय, जवळच तर आहे.’ हे वाक्य एकदा तपासून पाहावे, असे सुचवण्यासाठी हा लेख.

शहर जवळ असते ते सकाळी सात वाजता, घराबाहेर पडणाऱ्या मुलासाठी किंवा सुनेसाठी. त्यानंतर रात्री आठ वाजेपर्यंत घरात राहतात ती वयस्क माणसे. शेजारच्या घरीही तेच चित्र असते. पूर्वीच्या खेड्यात माणूस शेतावर गेला, तरी बांधावरून हाक मारली की धावत येत असे. आता तीच हाक चाळीस किलोमीटरांवरच्या मोबाइलमध्ये वाजते आणि ती ऐकणारा कामाच्या मध्यात असतो. तो तडक निघाला, तरी त्याला घरी पोहोचायला दोन तास लागू शकतात. म्हणून माझ्या मते, अशा गावात राहण्याचा खरा कस लागतो तो कामाच्या दिवशी, भर दुपारी. अमावास्येच्या रात्रीची भीती आपल्याला उगाच घातली जाते. रात्री घर भरलेले असते.

त्यामुळे अंतर किलोमीटरांत न मोजता घड्याळावर मोजावे. कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या पुढे आंदर मावळात, किंवा कामशेतहून पवनानगरकडे गेलेल्या रस्त्यावर, स्थानक गाठण्यासच बराच वेळ जातो. हे घड्याळही वारानुसार बदलते. शनिवारी-रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, लोणावळा आणि पवना धरणाच्या परिसरात पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते आणि एरवी वीस मिनिटांचा रस्ता तासाभराचा होतो. जागा पाहायला येणारे बहुतेक जण मात्र डिसेंबरच्या एखाद्या प्रसन्न रविवारी, मुलाच्या मोटारीतून येतात. आपण अजून निर्णयाच्या उंबरठ्यावर असाल, तर जुलैतल्या एखाद्या बुधवारी त्या गावी जावे, मोटार न घेता राहावे, आणि दुपारी दोन वाजता दवाखान्यापर्यंत पोहोचून पाहावे.

वेळेवर एवढा भर का, हे दोन आजारांच्या उदाहरणांनी कळेल. पक्षाघाताचा झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल, तर ती विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तत्पूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. म्हणजे सर्वांत जवळचे रुग्णालय उपयोगाचे नसून, सीटी स्कॅनची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय उपयोगाचे. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, उचललेला हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले, तर ‘थोडे पडून राहा, संध्याकाळी बघू’ असे म्हणू नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम तेच विचारतात. हृदयविकाराच्या झटक्यातही हाच न्याय. वृद्धांना, त्यातही मधुमेहींना, छातीत कळ न येता नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. आणि ते पित्ताच्या नावावर खपून जाते. मावळात तळेगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, त्यापुढे पिंपरी-चिंचवड आहे. आपल्या घरापासून कोणत्या रुग्णालयात कोणती सोय चोवीस तास मिळते, हे आपल्या डॉक्टरांना विचारून भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी लिहून लावावे.

पावसाळ्यात सर्पदंशाचीही आठवण ठेवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे. दंश झालाच तर तो अवयव हलू देऊ नये. आवळून बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे हे सर्व टाळून थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी दवाखान्याकडे निघावे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. परंतु रुग्णवाहिकेला घर सापडले पाहिजे. शेतातल्या घराला ना गल्ली, ना क्रमांक. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक चालकाच्या काही कामाचा नसतो. त्याला हवे असते ते असे : अमुक फाट्यावरून आत, मारुतीच्या देवळापासून उजवीकडे, विजेच्या रोहित्राशेजारचे निळे फाटक. हे चार ओळींत, ठळक अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावे, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. आणखी एक प्रश्न उन्हाळ्यात कोणाला सुचत नाही. चिखलात रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावरच थांबली, तर तेथपर्यंत रुग्णाला कोण उचलून आणणार? जुन्या काळी गावात डोलीची मोडस होती. आज चार धडधाकट माणसे दुपारी गावात असतील का, हे आधी पाहून ठेवावे लागते.

ही माणसे असतात. किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, अंगणवाडीताई, शाळेचे शिक्षक, दूध संकलन केंद्रावरचा मुलगा, रिक्षावाला : गाव कामावर गेले तरी ही मंडळी मागे राहतात. त्यांतही आशाताईंशी परिचय अवश्य करून घ्यावा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. शहरातून आलेल्या कुटुंबांना ती फक्त बाळंतिणींसाठी असते असे वाटते, हा गैरसमज आहे. मैदानी भागात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. उपकेंद्रांत, ज्यांच्या दारावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. ‘आम्ही आमच्या पुण्याच्या डॉक्टरांकडेच जातो’ असे म्हणणाऱ्यांनीही तेथे एकदा नाव नोंदवावे. मोठा आजार पुण्याच्या डॉक्टरांनी पाहावा. भर दुपारी वाढलेला रक्तदाब मोजायला मात्र उपकेंद्रच जवळचे. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. हे कार्ड काढलेले नसेल, तर मुलाला एखाद्या रविवारी त्या कामाला लावावे. कोणत्या रुग्णालयात ते चालते, याचीही त्याच वेळी चौकशी करावी.

औषधांचा साठा दोन आठवडे जादा असावा. पाऊस लागला की दुकानापर्यंत जाणे होत नाही. वीज तर अशा दिवसांत तासन्‌तास जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्यामुळे गडबडून जाण्याचे कारण नाही. वापरात असलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिन सावलीत, साधारण तीस अंशांखालील तापमानात, सुमारे चार आठवडे टिकते. आपल्या प्रकाराची नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. न उघडलेल्या कुपीसाठी कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याचा उपाय चांगला. बर्फाला ती कधीही थेट टेकवू नये. गोठलेली इन्सुलिन निरुपयोगी होते.

आता शेजाराविषयी. बंगल्याभोवती उंच भिंत आणि दाराशी कुत्रा ठेवून राहणाऱ्यांना सुरक्षित वाटते खरे. पण पाय घसरून अंगणात पडलेल्या माणसाची हाक त्या भिंतीबाहेर जात नाही. गावच्या भजनात बसता येत नसेल, तर संध्याकाळच्या हरिपाठाला देवळाच्या ओट्यावर टेकावे. रोज दिसणारा माणूस एके दिवशी दिसला नाही, तर गाव विचारते : ‘काका आज आले न्हाईत का?’ ही चौकशी कोणत्याही यंत्राहून लवकर पोहोचते. शेजारच्या घरातल्या एखाद्या ताईंनी दुपारी एकदा डोकावून जावे, अशी व्यवस्था करायची असेल, तर ती उपकारावर सोडू नये. ठरावीक मानधन द्यावे, घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवावी आणि मुलाचा तसेच सुनेचा, असे दोन्ही क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असावेत. गावात पैशाचे बोलणे अवघड जाते. पण पैसे न ठरवता घेतलेली मदत सहा महिन्यांनी आटते.

रोज जाऊन-येऊन करणाऱ्या मुला-सुनांनो, आपल्यासाठीही दोन शब्द. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात गेल्यावर रात्री आई-वडिलांशी बोलण्यापुरतेही त्राण उरत नाही, आणि त्याची टोचणी वेगळीच. दुपारी एक वाजताचा फोन न चुकता करावा. ‘जेवलात का?’ एवढाच प्रश्न विचारला, तरी आवाजावरून पुष्कळ कळते. तो उचलला गेला नाही तर दुसरा फोन कोणाला करायचा, हे आधीच ठरलेले असावे. आठवड्यातला एक दिवस घरून काम करण्याची मुभा मिळत असेल, तर तो तपासणीचा आणि औषधे आणण्याचा दिवस ठरवावा.

एक परिस्थिती मात्र निराळी आहे. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या व्यक्तीला दुपारी एकटे ठेवता येत नाही, मग गाव कितीही आपुलकीचे असो. गावात सगळे ओळखतात, रस्त्यावर भरकटलेल्या आजोबांना कोणीतरी हाताला धरून घरी आणते, हे खरे. परंतु शेततळी, ओढे आणि उघड्या विहिरीही त्याच वाटेवर असतात. अशा वेळी दिवसभराचा सोबती मिळाला नाही, तर शहरात मुलांजवळ किंवा काळजी घेणाऱ्या निवासात जाण्याचा विचार लांबवू नये. ते ठरेपर्यंत रुग्णाच्या सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी, फाटकाला वरची कडी असावी, आणि घरामागच्या विहिरीला कठडा व जाळी आहे का, हे आजच पाहून घ्यावे.