पन्नास रिकाम्या ओळी

१९९० च्या आसपास कुणा नातेवाइकाने जपानहून निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ बॅगेत घालून यवतमाळला आणला असता, तर पहिल्या दिवशी घरातल्या पोरांच्या हाती काहीच लागले नसते. जपानच्या घरात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. प्लग लावल्याबरोबर अडॅप्टरचा धूर. तेवढे सांभाळले, तरी पुढे टीव्ही आडवा येतो. फॅमिकॉम आपले चित्र अँटेनाच्या वायरीतून टीव्हीला द्यायचा आणि त्यासाठी जपानचे पहिले किंवा दुसरे चॅनेल वापरायचा. ही दोन्ही चॅनेले ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. तिथे आपल्याकडे एफएम रेडिओ आहे. आपल्या टीव्हीचा ट्यूनर ६८ मेगाहर्ट्झला थांबतो तो थेट १७४ ला सुरू होतो. मधले त्याला दिसतच नाही.

तेही जुळवले असे धरू. आता चित्र उभे पळत सुटते. जपानी पद्धतीत, म्हणजे एनटीएससीत, पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो. आपल्या पाल पद्धतीत ५० वेळा. रंगाचीही तीच गत. जपानी यंत्र रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवते आणि आपला टीव्ही ती ४.४३ वर शोधत बसतो. रंग सापडत नाही, चित्र राखाडी राहते. या एका बाबतीत ज्यांच्याकडे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल होता, ते सुखी. रंगाचा प्रश्नच नाही, आणि आडव्या ओळींचा वेग दोन्ही पद्धतींत जवळपास सारखा, सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या थोडा पुढे. त्यामुळे मागचे ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण जरासे फिरवले, की पळणारे चित्र जागेवर बसायचे.

हाँगकाँगच्या बाजारासाठी बनलेल्या यंत्राची गंमत निराळी. हाँगकाँगही पालवालेच, त्यामुळे चित्र येते, रंग येतात, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. कारण पालमध्येही पोटजाती आहेत. चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर किती दूर ठेवायची, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. भारतात ५.५ मेगाहर्ट्झ, हाँगकाँगमध्ये ६, चीनमध्ये ६.५. यावरचा इलाज टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला पाठ असतो. यंत्रातल्या पत्र्याच्या छोट्या डबीत एक कॉइल असते आणि तिच्या पोटात फेराइटचा आटे पाडलेला गाभा. तो प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने आत फिरवायचा. गाभा जितका आत, तितके कॉइलचे प्रेरकत्व जास्त आणि वारंवारता कमी. ६ वरून ५.५ वर यायला प्रेरकत्व सुमारे १९ टक्के वाढावे लागते. स्क्रू ड्रायव्हर लोखंडी चालत नाही, कारण तो स्वतःच गाभ्यासारखा वागतो. बाहेर काढला की साधलेला सूर पुन्हा हलतो.

इथवरच्या साऱ्या अडचणी कुणी मुद्दाम उभ्या केलेल्या नाहीत. मूर्तिजापूरला ब्रॉडगेजचा डबा यवतमाळच्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीच्या अडीच फुटी रुळांवर चढत नसे, त्यात जसे कुणाचे कारस्थान नव्हते, तसेच हे. ज्या देशाने ज्या काळात जे रूळ टाकले, ते टाकले.

मुद्दाम घातलेली कुलपे वेगळी. १९८५ मध्ये निन्टेन्डोने हेच यंत्र ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत नेले, तेव्हा त्यात एक चार बिटांची चिप बसवली. तशीच चिप प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये. यंत्रातली कुलूप, कॅसेटमधली किल्ली. यंत्र सुरू झाले की दोघी एकच आकडेमोड करतात आणि उत्तरे ताडून पाहतात. जुळली नाहीत, तर कुलूपवाली चिप यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते. लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि खेळ काही सुरू होत नाही. अमेरिकेची किल्ली वेगळी, युरोपची वेगळी, आणि युरोपातही दोन गट. एवढा बंदोबस्त करून तोड मात्र हास्यास्पद वाटावी इतकी सोपी निघाली. या चिपचा चौथा पाय ठरवतो, की तिने कुलूप व्हायचे की किल्ली. तो पाय कापून ग्राउंडला जोडला, की यंत्रातली चिपही स्वतःला किल्ली समजू लागते, आणि किल्लीला रीसेट करण्याचा अधिकारच नसतो.

यवतमाळ, पुसद, वणीच्या पोरांना या कुलपाशी कधी झगडावे लागले नाही. निन्टेन्डोचे यंत्र भारतात ‘सामुराई’ या नावाने अधिकृतपणे येऊन गेले, पण जिल्ह्याच्या गावांत जो ‘व्हिडिओ गेम’ पोचला, तो नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला क्लोन. कुणाकडे ‘लिटल मास्टर’, कुणाकडे ‘मीडिया’, कुणाच्या डब्यावर काहीच नाव नाही. आतून सगळे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. त्या मूळ फॅमिकॉममध्ये कुलूपचिप नव्हती आणि त्याच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकी कॅसेटला ७२. म्हणजे या गावांत विकली गेलेली प्रत्येक ‘कॅसेट’ ही रचनेने जपानी कॅसेट होती. आयात केलेला खेळ हा आपल्याकडे अपवाद नव्हताच. दुसरे काही मिळतच नव्हते.

खरे कौशल्य दिसते ते इथे. जपानी एनटीएससी यंत्रासाठी लिहिलेला खेळ ५० हर्ट्झच्या भारतीय टीव्हीवर चालवायचा कसा? निन्टेन्डोने युरोपसाठी स्वतः पाल यंत्र काढले, तेव्हा तिचे उत्तर अर्धवट होते. मूळ यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला १७ लाख ९० हजार ठोके घ्यायचा. पाल यंत्राचा १६ लाख ६३ हजार. ध्वनीचे स्वर याच ठोक्यांतून निघतात, म्हणून तिथे जपानी खेळाचे संगीत चक्क सव्वा अर्धस्वराने खाली उतरले. त्याहून वाईट म्हणजे प्रोसेसर आणि चित्रचिप यांच्यातले गुणोत्तर मोडले. जपानी यंत्रात प्रोसेसरच्या एका ठोक्यात पडद्यावर नेमके तीन ठिपके उमटतात. पाल यंत्रात ते ३.२ झाले. वरचा गुणफलक स्थिर राहतो आणि खालची दुनिया सरकते, असली करामत काही खेळांत प्रोग्रामर ठोके मोजून करत. त्यांचे गणित इथे चुके. काही जपानी खेळांचे चित्र फाटे, काही बंदच पडत.

तैवानच्या यूएमसी कंपनीकडे निन्टेन्डोचा परवाना नव्हता, पण तिच्या पाल क्लोनसाठीच्या चिपांनी हा प्रश्न जास्त शहाणपणाने सोडवला. प्रोसेसरचा वेग १७ लाख ७३ हजार ठेवला, मूळच्या एक टक्का आत. ठोक्याला तीन ठिपके हे प्रमाण जसेच्या तसे राखले. राहिला प्रश्न ओळींचा. जपानी चित्र २६२ ओळींचे, पालचे ३१२ चे. ५० ओळी जास्तीच्या. त्या घालायच्या कुठे?

प्रत्येक चित्र पूर्ण झाले, की चित्रचिप प्रोसेसरला हाक मारते आणि पुढच्या चित्राआधी थोडी विश्रांती घेते. या विश्रांतीतच खेळाला नवी माहिती चित्रचिपकडे पोचवायची असते. मूळ यंत्रात ही विश्रांती २० ओळींची. निन्टेन्डोने पाल यंत्रात ती ७० ओळींची केली. हाक नेहमीच्या वेळी, पण पुढचे चित्र फार उशिरा. हाकेपासून ठोके मोजत बसणारा खेळ इथे हमखास फसतो. यूएमसीने विश्रांतीला हातच लावला नाही. त्यांनी ५० रिकाम्या ओळी हाकेच्या आधी घातल्या. चित्र संपते, पन्नास ओळी काहीही घडत नाही, मग हाक, मग नेहमीची २० ओळींची विश्रांती. या रिकाम्या वेळात खेळ हाकेची वाट बघत उभा असतो. तो किती वेळ उभा राहिला, हे त्याला कळायला मार्ग नाही. आपण जपानातच आहोत, असे त्याला वाटत राहते. इतकी सुबक युक्ती करणाऱ्या अभियंत्यांची नावे कुठल्याच डब्यावर छापली गेली नाहीत. नकलेच्या धंद्यात तसे होतही नाही.

एक गोष्ट मात्र या युक्तीलाही साधली नाही. खेळ दर चित्राला एक पाऊल टाकतो, आणि चित्रे सेकंदाला साठऐवजी पन्नासच. त्यामुळे मारिओ धावायचा सहाव्या हिश्श्याने हळू, आणि त्याचे संगीत योग्य पट्टीत पण विलंबित लयीत वाजायचे. आमच्या पिढीने दुसरे ऐकलेच नव्हते. आज मूळ वेगाची ध्वनिफीत ऐकवली, तर कित्येकांना तीच घाईघाईची वाटते. ‘कॉन्ट्रा’मध्ये भारतीय पोर अवघड जागा जरा सहज पार करायचे, त्याचे थोडे श्रेय या पन्नास ओळींना द्यायला हरकत नाही. युरोपातल्या मुलांना तर निन्टेन्डोवर हा खेळ माणसांसह मिळालाच नाही. तिथे तो ‘प्रोबोटेक्टर’ नावाने, सैनिकांच्या जागी यंत्रमानव घालून विकला गेला. आपला टीव्ही युरोपच्या जातीचा, पण कॅसेटमधले सैनिक मात्र हाडामांसाचेच राहिले.

सीडी आल्यावर कुलूप पुन्हा परतले, या वेळी जास्त हुशारीने. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर अगदी आतल्या कडेची वाट मुद्दाम किंचित नागमोडी कोरलेली असते. या नागमोडीत चार अक्षरे दडलेली: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोप आणि पाल देशांसाठी एससीईई. घरातला सीडी रायटर ही वाट कोरू शकत नाही. त्यावर निघाली ‘मॉडचिप’, आठ पायांचा एक मायक्रोकंट्रोलर. तो डिस्क काय सांगते याची वाटच बघत नाही. हवी ती अक्षरे स्वतःच यंत्राच्या कानात पुटपुटतो. प्रदेशाची अट आणि नकलेची अट एकाच अक्षरांवर बेतलेली होती, त्यामुळे जपानहून पैसे मोजून आणलेली अस्सल डिस्क आणि चौकातली तीस-चाळीस रुपयांची नक्कल, चिपला दोन्ही सारख्याच. कायद्याची पंचाईत इथूनच सुरू होते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मॉडचिपविरुद्धचा सोनीचा दावा फेटाळला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. माझ्या मते कायद्याने धरलेली ही रेघ बरोबर जागी आहे. विकत घेतलेली अस्सल डिस्क चालवायला सोल्डर लावणारा आणि नकलांचा गठ्ठा विकणारा, यांना एका मापाने मोजणे अन्याय झाला असता.

जुने यंत्र माळ्यावरून काढून पुन्हा चालवायचे असेल, तर आधी अडॅप्टरच्या पिनेवरचे चिन्ह बघा. अस्सल फॅमिकॉमच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, आणि बाजारातले बरेचसे अडॅप्टर याच्या उलट असतात. कॅसेटच्या पट्टीवर फुंकर मारू नका, वाफेने तांबे खराब होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी बरी. नव्या टीव्हीला एनटीएससी आणि पाल दोन्ही कळतात, त्यामुळे निदान ती पळापळ संपली आहे.

आणि यंत्रच उरले नसेल, तर संगणकावर ‘मेसेन’ किंवा ‘एफसीईयूएक्स’सारखे इम्युलेटर आहेत. त्यांच्या सेटिंगमध्ये प्रदेश विचारला जातो: एनटीएससी, पाल आणि तिसरा ‘डेंडी’. डेंडी हे रशियात गाजलेल्या क्लोनचे नाव, त्यात यूएमसीच्याच पन्नास रिकाम्या ओळी. एनटीएससी निवडला तर मारिओ फार पळेल, पाल निवडला तर गाणे बेसूर वाटेल. यवतमाळच्या माणसाने तिसरा पर्याय निवडावा.