१४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी



१४ एप्रिलची जयंती आपल्या घराघरांत कशी साजरी होते, हे मी सांगायला नको. निळे झेंडे, नवे कपडे, खीर आणि रात्री उशिरापर्यंत मिरवणूक. आमच्या घरी मात्र ही जयंती एका दिवसाने लांबते. १५ एप्रिलला आम्ही सारे बेसबॉलचा सामना पाहायला बसतो, जमले तर मैदानावरच जातो. त्या दिवशी अमेरिकेतील मोठ्या संघांचा प्रत्येक खेळाडू, गोरा असो, काळा असो, जपानी असो की मेक्सिकन, एकाच क्रमांकाचा शर्ट घालून उतरतो. तो क्रमांक ४२. जॅकी रॉबिन्सन यांचा. १५ एप्रिल १९४७ रोजी हा कृष्णवर्णीय माणूस ब्रुकलिन डॉजर्स या संघातर्फे मैदानात उतरला आणि साठेक वर्षे काळ्यांना बंद असलेला दरवाजा उघडला.

मी मूळचा उत्तर नागपूरचा. १९८९ साली नोकरीसाठी लॉस एंजेलिसला आलो आणि इथलाच झालो. कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणू लागलो. आधी ते हसले, मग त्यांनाही ते आवडू लागले. त्यांचे बालपण ब्रुकलिनमध्ये गेले होते. जॅकी आले त्या वर्षी ते अकरा वर्षांचे होते. वडिलांनी चर्चला जायचा कोट घालून त्यांना मैदानावर नेले होते, एवढे ते नेहमी सांगत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हा खेळ शिकवला आणि त्यांच्या नादाने मी डॉजर्सचा भक्त झालो. (भक्त हा शब्द आपल्याला चालत नाही, पण दुसरा सुचत नाही!)

खेळ सोपा आहे. नऊ-नऊ जणांचे दोन संघ, नऊ डाव. गोलंदाज टप्पा न पाडता चेंडू थेट फेकतो, फलंदाज गोल दांडक्याने तो मारतो आणि पळतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, एकमेकांपासून ९० फुटांवर. त्यातले शेवटचे, जिथून निघालो तेच, त्याला म्हणतात घर. घरी परत पोहोचला की एक धाव. उत्तमातला उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा फसतो. हे कळले तेव्हा मला हा खेळ आपलासा वाटला. दहापैकी सात वेळा हात हलवत परत येणे आपल्या लोकांना काही नवे नाही.

या खेळात एक गोष्ट अशी आहे की आपल्या खो-खोची आठवण यावी. गोलंदाज चेंडू फेकण्याच्या बेतात असताना ठाण्यावरचा गडी झपकन पुढच्या ठाण्याकडे पळतो. त्याला ठाणे चोरणे म्हणतात. त्यातही सर्वांत अवघड म्हणजे घर चोरणे, कारण चेंडू नेमका तिकडेच येत असतो. जॅकींनी आपल्या कारकिर्दीत साखळी सामन्यांत १९ वेळा घर चोरले. काका सांगत, जॅकी ठाण्यावरून नुसते चार पावले पुढे सरकले तरी गोलंदाजाचे हात थरथरायचे आणि सारे मैदान उभे राहायचे.

जॅकींचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेले. आई मॅली पाच लेकरांना घेऊन कॅलिफोर्नियात पासाडेनाला आली आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून तिने मुले वाढवली. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा आला. रौप्यपदक घेऊन गावी परतला, तर त्याला काम मिळाले रस्ते झाडण्याचे. पदवी असो की पदक, हातात झाडूच देणारी व्यवस्था सातासमुद्रापलीकडेही तशीच होती.

जॅकी लष्करात अधिकारी झाले. १९४४ साली टेक्सासमधील छावणीत त्यांना बसमध्ये मागच्या बाकावर जायला सांगितले गेले. ते हलले नाहीत. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, त्यातून ते निर्दोष सुटले. म्हणजे हा मुकाट्याने ऐकून घेणारा माणूस नव्हे. म्हणूनच पुढची गोष्ट मला अनेक वर्षे पचली नाही.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना बोलावून अट घातली. प्रेक्षक थुंकतील, शिव्या देतील, चेंडू डोक्यावर येतील, हॉटेलात खोली मिळणार नाही. तीन वर्षे उलट उत्तर द्यायचे नाही. हात उचलायचा नाही. जॅकींनी ते मान्य केले. आणि तसेच सारे घडले. फिलाडेल्फिया संघाच्या व्यवस्थापकाने तर भर मैदानात अशा शिव्या दिल्या की ऐकणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्यांचेही रक्त तापले. डॉजर्समधील काही दक्षिणेकडच्या खेळाडूंनी आधीच जॅकींविरुद्ध अर्ज काढला होता. केंटकीच्या पी वी रीस या गोऱ्या खेळाडूने त्यावर सही करण्यास नकार दिला, ही त्यातली जमेची बाजू. पहिल्याच वर्षी जॅकींना सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळाला. १९४९ साली ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिने विचारले, "पप्पा, तो गप्प का बसला? बाबासाहेब गप्प बसले असते का?" मला उत्तर देता आले नाही. रात्री महाडची आठवण झाली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर सवर्णांनी लाठ्या चालवल्या. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले धिप्पाड गडी होते, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. शांत राहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलीला मी हे सांगितले. तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "पण तिथे सांगणारे आपले होते, इथे सांगणारा मालक होता." खरे सांगायचे तर मुलीचा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही.

रिकी कोणी संत नव्हते. काळ्या प्रेक्षकांचे तिकिटाचे पैसे त्यांना दिसत होते. ज्या कान्सस सिटी मोनार्क्स संघातून जॅकींना उचलले, त्या संघाला त्यांनी एक छदामही दिला नाही. काळ्यांच्या स्वतःच्या लीग होत्या, त्यांचे मालक, त्यांचे पंच, त्यांची वर्तमानपत्रे होती. चांगले खेळाडू एकेक करून निघून गेले आणि १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. दरवाजा उघडला तो निवडक जणांसाठी, आणि अंगणातले आपले घर मात्र मोडले. जोश गिब्सन हा या लीगमधला महान फलंदाज जॅकी मैदानात उतरण्याच्या तीनच महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी वारला. २०२४ साली या लीगच्या धावा अधिकृत नोंदीत घेतल्या गेल्या तेव्हा सर्वकालीन सरासरीच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर आले. सत्त्याहत्तर वर्षांनंतर!

आपल्याकडचे पळवणकर बाळू आठवतात. चर्मकार समाजातले हे थोर फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या चेंडूवर संघ जिंकायचा आणि चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली.

तारखांचा एक योगायोग मला फार प्रिय आहे. ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड हे मैदान १९१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. ते सामना पाहायला गेले असतील असे मी म्हणत नाही, त्यांचा वेळ ग्रंथालयात जात होता. पण १९४६ मध्ये त्यांनीच डॉ. डू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली, तेव्हा जॅकी माँट्रिअलच्या दुय्यम संघात पहिले वर्ष खेळत होते. जॅकी डॉजर्सतर्फे उतरले १५ एप्रिल १९४७ ला, आणि २९ एप्रिलला घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. मधे अवघे दोन आठवडे.

ब्रुकलिन म्हणजे कामगारांची वस्ती. रस्त्यांवर ट्रामचे जाळे, त्या चुकवत पळणारे लोक, म्हणून संघाचे नाव डॉजर्स, म्हणजे चुकवणारे. संघ अंतिम फेरीत जायचा आणि शेजारच्या श्रीमंत यांकीज संघाकडून हरायचा. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. दरवर्षी लोक म्हणायचे, पुढच्या वर्षी पाहू. १९५५ च्या पहिल्या अंतिम सामन्यात छत्तीस वर्षांच्या जॅकींनी घर चोरले. यांकीजचा यष्टिरक्षक योगी बेरा पंचावर धावून गेला आणि मरेपर्यंत म्हणत राहिला की गडी बाद होता. तो सामना ब्रुकलिन हरलेच. पण ४ ऑक्टोबरला सातवा सामना २-० ने जिंकून त्यांनी एकदाचे विजेतेपद मिळवले. त्या दिवशी जॅकी खेळले नाहीत, बाकावर होते. काका हे सांगताना दर वेळी थांबायचे.

दोनच वर्षांनी मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडले, तिथे इमारती उभ्या राहिल्या. आणि इकडे, जिथे मी आज बसून ओरडतो ते मैदान कुठे उभे राहिले? शावेझ रवीन नावाच्या टेकड्यांवर मेक्सिकन गरिबांच्या तीन वाड्या होत्या. १९५० नंतर सरकारी घरे बांधून देतो म्हणून त्यांना उठवले. घरांची योजना पुढे रद्द झाली आणि जमीन बेसबॉलला गेली. न हटलेल्या शेवटच्या कुटुंबांना ८ मे १९५९ रोजी पोलिसांनी बाहेर काढले. एका बाईला हातपाय धरून उचलून नेतानाचे छायाचित्र आहे. मी ते प्रथम पाहिले तेव्हा पोटात गोळा आला. लहानपणी आमची वस्ती उठवली तेव्हा आई चूल सोडून उठली नव्हती, तिलाही असेच उचलले होते.

मग मी डॉजर्स सोडले का? नाही. दोन वर्षे मैदानावर गेलो नाही, एवढेच. परत गेलो तो मेक्सिकन शेजाऱ्यामुळे. तो म्हणाला, १९८१ पर्यंत आमचे म्हातारे इकडे फिरकत नव्हते. त्या वर्षी सोनोराच्या शेतकऱ्याचे बारावे लेकरू, वीस वर्षांचा फर्नांडो वालेन्झुएला इथे गोलंदाजीला उभा राहिला आणि सुरुवातीचे आठही सामने त्याने जिंकून दिले. ज्या टेकडीवरून हाकलले तिथेच हे लोक नाचत आले, ते आजतागायत. फर्नांडो २२ ऑक्टोबर २०२४ ला गेले, त्यानंतर आठच दिवसांनी डॉजर्सनी विजेतेपद मिळवले.

२०२५ साल मात्र जड गेले. मार्चमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून जॅकींच्या लष्करी सेवेचे पान काढले गेले. ओरड झाली, पान परत लागले. तीन आठवड्यांनी, ७ एप्रिलला, आमचा संघ मागच्या वर्षीच्या विजयाचा सत्कार घ्यायला व्हाइट हाऊसला गेला. जूनमध्ये शहरात स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली, तेव्हाही संघ बरेच दिवस गप्प होता. पुढे पीडित कुटुंबांसाठी दहा लाख डॉलर जाहीर केले. उशिरा का होईना, केले. पण ही शांतता जॅकींच्या शांततेसारखी नव्हती. जॅकी गप्प बसले त्यात त्यांचेच अंग सोलून निघत होते. तीन वर्षे संपल्यावर ते बोलू लागले ते थांबले नाहीत. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, डोळ्यांची दृष्टी जवळपास गेलेली असताना, सत्काराच्या मंचावरूनच त्यांनी विचारले की काळा व्यवस्थापक कधी दिसणार. नऊ दिवसांनी, ५३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पहिला काळा व्यवस्थापक १९७४ साली नेमला गेला.

१ नोव्हेंबर २०२५ ला टोरोंटोविरुद्धचा सातवा सामना अकराव्या डावापर्यंत ताणला गेला आणि डॉजर्स जिंकले. मी नाचलो, हे कबूल करतो. काका ते पाहायला नव्हते. १९८८ नंतर अनेक वर्षे आम्ही दोघे पुढच्या वर्षी पाहू म्हणत राहिलो, आणि २०२० चा विजय यायच्या आधीच ते गेले.

मैदानाच्या आत जॅकींचा पुतळा आहे, घर चोरताना घसरत जाणारा. १५ एप्रिलला मुलगी तिथे एक निळे फूल ठेवते, आदल्या दिवशीच्या जयंतीचे राहिलेले. आणि आम्ही गाडी जिथे लावतो त्या बाजूला, डांबराखाली, पालो व्हर्दे वाडीतली मुलांची शाळा पुरलेली आहे. पाडण्याऐवजी तिच्यावर माती लोटून सपाटी केली. परवा गाडीतून उतरताना मुलगी म्हणाली, "पप्पा, फळेसुद्धा आतच असतील ना?"