परवान्याची परीक्षा आणि पेडणे-डिचोलीचा रोगी

वैद्यकी करू इच्छिणाऱ्याने आधी परीक्षा द्यावी, हा दंडक गोव्याला नवा नाही. इ. स. १६१८ मध्ये गोवा शहराच्या नगरसभेचा असा नियम मंजूर झाला की, राज्याच्या मुख्य वैद्यापुढे परीक्षा देऊन परवाना मिळविल्यावाचून कोणीही शहरात वैद्यकी करू नये. हिंदू वैद्यांची संख्या तर तिसांच्या वर जाऊ द्यावयाची नाही, असेही त्यात होते. रोग्याच्या काळजीबरोबर धंद्यातील चढाओढीची काळजीही ह्या नियमामागे असावी, हे उघड आहे. पेडणे आणि डिचोली हे महाल त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली नव्हते. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. पुढे १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा रीतसर स्थापन झाली आणि गोवामुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिच्याच जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

आज परीक्षेचे स्वरूप पालटले आहे, पण तिचा धाक कमी झालेला नाही. परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला येथे व्यवसाय करावयाचा असेल, तर बहुतेकांना २००२ सालापासून चालू असलेली एक गाळणी परीक्षा द्यावी लागते. प्रश्न तीनशे, प्रत्येकाला चार पर्याय, दीडशे उत्तरे बरोबर आली की विद्यार्थी उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इतके सोपे गणित असूनही अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण चौथाईच्या आतच राहिले आहे. मग विद्यार्थी काय करतो? शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र ह्या मूळ विषयांतील तथ्यांचे तक्ते करतो आणि ते घोकतो. घोकलेले वाक्य खरे असते. परंतु त्याचे कारण वाटेत कोठेतरी गळून पडलेले असते. कारणाशिवाय ठेवलेले तथ्य परीक्षेच्या दिवसापर्यंतही टिकत नाही, मग आरोग्य केंद्रातील रात्रपाळीपर्यंत ते कोठून टिकणार?

सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. नाग आणि मण्यार ह्यांचे विष मज्जातंतूंवर, घोणस आणि फुरसे ह्यांचे विष रक्तावर, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आता समजा, पेडण्यातील एका घरी जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून जागा झाला. अंगावर सूज नाही, दंशाची खूण जवळजवळ दिसत नाही. पण पापण्या मिटत चालल्या आहेत. हे मण्यारीचे काम. तिचा दंश इतका सौम्य असतो की झोपलेल्याला त्याची जाणीवही होत नाही. अशा रोग्याला निओस्टिग्मिन द्यावे काय, असा प्रश्न परीक्षेत येतो. उत्तर घोकण्याची गरज नाही. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य पाझरते आणि स्नायूवरील ग्राहकाला जाऊन चिकटते. त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. नागाचे विष ह्या ग्राहकाची जागा अडविते. निओस्टिग्मिनमुळे ॲसिटिलकोलिन टिकून राहते, साठते आणि अडविलेली जागा झगडून परत मिळविते. म्हणून नागाच्या दंशात त्याचा उपयोग होतो. मण्यारीच्या विषाचा मुख्य घाव मात्र तंतूच्या टोकावरच पडतो. तेथून द्रव्य पाझरणेच थांबले, तर साठवावयाचे काय? अशा रोग्याचा श्वास कृत्रिम उपायांनी चालू ठेवावा लागतो, आणि तंतूची टोके पुन्हा सावरेपर्यंत कित्येक दिवस वाट पाहावी लागते. पेडण्याहून बांबोळीच्या रुग्णालयापर्यंत शापोरा आणि मांडवी ओलांडून जावयाचे असते. वाटेत श्वास थांबेल ही शक्यता निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी लागते.

घोणस चावलेल्याची गोष्ट निराळी. तिचे विष रक्त गोठविणारी साखळी भलत्याच वेळी चालू करते. गोठण्याचे सारे साहित्य त्यात खर्ची पडते, आणि शेवटी रक्त गोठेनासे होते. हे कळले म्हणजे वीस मिनिटांच्या कसोटीचे मर्मही कळते. रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग नळी कलती करून पाहावयाचे. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी निरोगी माणसाचे रक्तही पातळ ठेवील. यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळेची येथे गरज नाही, पण ती नळी कोणी कशाने धुतली हे ठाऊक असावे लागते.

आणखी एक तथ्य परीक्षकांच्या विशेष आवडीचे आहे: लहान मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यावयाची. इतर औषधे वजनावर बेतली जात असता हे असे का? कारण प्रतिविष शरीरासाठी नसते, विषासाठी असते. आणि साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही. मात्र प्रतिविषाच्या बाटलीवर आंधळा भरवसाही नको. भारतात बनणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांवरच बेतलेले आहे. सह्याद्रीच्या जंगलात, गोव्याच्या बाजूलाही, वर उचललेल्या नाकाडाचा एक लहान विषारी साप असतो. कुळागरात पाचोळ्याखाली तो चटकन दिसतही नाही. त्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही. पुस्तकातील तक्त्यात चार साप असतात. कुळागरात पाचवाही असू शकतो.

मूळ शास्त्राचे एक वाक्य नीट समजले तर काय होऊ शकते, ह्याचा दाखला कोकणातच आहे. महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रोगी शेकड्यांनी पाहिले. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवून शरीरात उत्तेजक द्रव्यांचे वादळ उठविते; रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्रॅझोसिन हे औषध रक्तदाबासाठी वापरात होतेच. औषधशास्त्राच्या प्रकरणातील तेच तथ्य त्यांनी विंचूदंशाच्या खाटेजवळ आणले. १९८०च्या दशकात त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्याच्या घरात आले.

तथ्यांना सीमाही असतात, आणि त्या बदलतात. माकडताप कोठे आढळतो, असे विचारले तर विद्यार्थी डोळे मिटून कर्नाटक म्हणतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात हा रोग ओळखला गेला, तेव्हा ते उत्तर पुरेसे होते. परंतु गोचिडीला राज्याची हद्द ठाऊक नाही. २०१५ मध्ये हा ताप डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात दिसला, आणि त्याच सुमारास पेडणे-डिचोलीला लागून असलेल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग व बांदा भागातही. काजू गोळा करण्याचे दिवस आणि गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट ह्यांची वेळ जवळजवळ एकच पडते. येथील डॉक्टरला ‘कर्नाटक’ ह्या उत्तराचा गुण मिळेल, पण त्यावर विसंबला तर रोगी हातचा जाऊ शकेल.

पावसाळ्यात प्रश्न पुन्हा बदलतो. भातशेतीच्या चिखलात उंदरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोचे जंतू असतात; पायाच्या चिरेतून ते आत शिरतात. तापाबरोबर पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात, आणि रोग बळावला तर कावीळही होते. ह्या काविळीत पिवळेपणा गडद असूनही यकृतातून झिरपणारी विकरे बेताचीच वाढलेली असतात. यकृताच्या पेशींचा विषाणूंच्या काविळीत होतो तसा मोठा नाश येथे होत नाही, हे त्याचे कारण. हे ज्याला उमगले, तो दोन्ही काविळी एकमेकींपासून निराळ्या करू शकतो आणि प्रतिजैविक वेळेवर सुरू करतो.

तीनशे प्रश्नांत सहसा न येणारा एक प्रश्न मात्र आरोग्य केंद्रात प्रत्येक तापाच्या रोग्याला विचारावा लागतो: गेल्या पंधरा दिवसांत कामाला कोठे गेला होतास? मार्चमध्ये ‘काजूच्या बागेत’ असे उत्तर आले तर गोचिडीचा विचार करावयाचा, आणि ऑगस्टमध्ये ‘शेतात’ असे आले तर उंदराचा.